दोन तारांचं काम

“माइक म्हणजे काय हो, दोन तारांचं काम!” हे वाक्य पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, त्याने एक तर माइक कधी बनवलेला नव्हता, किंवा बनवला होता आणि आता त्याच खड्ड्यात आणखी कोणीतरी पडावं अशी त्याची मनापासून इच्छा होती. हौशी रेडिओवाल्यांत, म्हणजे आम्हा हॅम मंडळींत, हे वाक्य नव्या माणसाच्या कानात गुरुमंत्रासारखं सांगितलं जातं. तो फसतोच, कारण हिशेब दिसायला साधा आहे. आवाज पकडणारी नखाएवढी एक कॅप्सूल. तिला दोन टोकं. शेजारी बोलताना दाबायचं एक बटण. वायरचं दुसरं टोक रेडिओत. झालं.

यात खोटं काहीच नाही. फक्त माइकमधला सगळ्यात कमी त्रास देणारा भाग म्हणजे माइक, एवढं सांगायचं राहून जातं. त्रास असतो तो प्लगमध्ये, वायरच्या जाळीत, बटणात, अर्थमध्ये (म्हणजे विजेच्या परतीच्या समाईक तारेत) आणि सरतेशेवटी स्वतःच्या आवाजात.

तक्रार करण्याआधी पूर्वजांची आठवण काढलेली बरी. रेजिनाल्ड फेसेंडेन यांच्या १९०६ च्या प्रयोगांत कार्बनचा माइक थेट अँटेनाच्या तारेत बसवलेला होता. म्हणजे अँटेनाकडे निघालेली वीज बोलणाऱ्याच्या ओठांशेजारून जायची. कार्बनच्या माइकच्या पोटात कोळशाचे कण असतात. ते एकमेकांना बिलगून बसले की माइक मुका होतो, आणि त्याला टिचकी मारून जागं करावं लागतं. कोळसा गेला तरी टिचकी आपल्या बोटांत तशीच राहिली आहे. आजच्या माइकला टिचकीने काडीचा उपयोग होत नाही, तरी पहिली टिचकी मारल्याशिवाय कोणी बोलायला सुरुवात करत नाही.

आता आपण वापरतो ती इलेक्ट्रेट कॅप्सूल. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी ही जात शोधून काढली. आत एक पातळ पडदा, त्याच्या जोडीला कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा थर, आणि पाठीमागे एक चिमुकला एफईटी ट्रान्झिस्टर. हा ट्रान्झिस्टर नवशिक्याच्या लक्षात येत नाही. दोन टोकं दिसतात, ती रेडिओला जोडली जातात, बोललं जातं, आणि पलीकडे शुकशुकाट. मग कॅप्सूल खराब निघाली म्हणून दुसरी लावायची, मग तिसरी. ट्रान्झिस्टर उपाशीपोटी काम करत नाही. त्याला एका रेझिस्टरमधून थोडी वीज पाजावी लागते, साधारण ०.३ मिलिअँपियर, फार तर ०.५. एवढ्याशा विजेसाठी तीन निरपराध कॅप्सूल कचऱ्यात जातात.

साडेनऊ-दहा मिलिमीटर व्यासाची कॅप्सूल उलटी करून भिंगाखाली धरा. मागे सोल्डरचे दोन ठिपके दिसतील. ज्या ठिपक्यापासून कॅप्सूलच्या धातूच्या कडेपर्यंत दोन-तीन बारीक पट्ट्या गेलेल्या असतात तो ऋण, दुसरा धन. उलटं जोडलं तर कॅप्सूलचं धातूचं अंगच आवाजाची तार होऊन बसतं. मग तिला बोट लावलं की घरातल्या विजेची सगळी गुणगुण बँडवर, म्हणजे त्या लहरींच्या पट्ट्यात ऐकत बसलेल्या सगळ्यांना, ऐकू जाते आणि खरा आवाज येतो न येतो. कॅप्सूल जिवंत आहे का हे बघायला मल्टिमीटर ओहमवर ठेवावा, त्याची दोन टोकं योग्य बाजूंनी लावावीत आणि पडद्यावर हळूच फुंकर घालावी. आकडा डुलला तर जीव आहे. टिचकीपेक्षा हे बरं.

पाठीला भोकं असतील तर ती एकाच दिशेने ऐकणारी कॅप्सूल. ती भोकं म्हणजे तिचे मागचे कान. हौसेने डबीत बसवताना पाठीवर गरम गोंदाचा गोळा थापला की मागचे कान बुजतात, आणि खास खोलीचा गोंगाट टाळायला आणलेली कॅप्सूल पंख्यापासून घड्याळापर्यंत सगळ्यांचं समभावाने ऐकू लागते.

सोल्डरिंग हा या कॅप्सूलचा खरा शत्रू. आतला विद्युतभार उष्णतेने उडून जातो. २५ वॅटचं आयर्न, टोक स्वच्छ, तारेला आधी कल्हई केलेली, आणि ठिपक्याला स्पर्श दोन सेकंदांचा, फार तर तीन. कॅप्सूल चिमट्यात किंवा धातूच्या पक्कडीत धरावी, म्हणजे उष्णता पक्कड पिते. आपण मात्र नेमके उलट करतो. आधी न कल्हावलेली तार घेतो, ती चिकटत नाही म्हणून टेकवून धरतो, मग अजून टेकवून धरतो, आणि सोल्डर एकदाचं चकाकून पसरतं तेव्हा कॅप्सूल आतल्या आत गार झालेली असते. बाहेरून डाग मात्र दागिन्यासारखा दिसतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण सोल्डरिंगवाल्याने केलेली नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

आता जोडणी. रेडिओच्या माइक सॉकेटवर ८ व्होल्ट मिळत असतील तर ते आधी १ किलोओहममधून न्यावेत आणि तिथे ४७ मायक्रोफॅरॅडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर अर्थला टाकावा. ही चाळणी तीन-साडेतीन हर्ट्झच्या वरची सगळी खरखर आणि शिट्टी गाळते. तिथून ४.७ किलोओहम थेट कॅप्सूलच्या धन टोकाला. त्याच टोकाला एक कपॅसिटर, आणि त्याच्या पलीकडे रेडिओची माइकची पिन. ऋण टोक माइकच्या अर्थला. झालं की मीटर व्होल्टवर ठेवून कॅप्सूलच्या दोन टोकांत मोजावं. ५ ते ६.५ व्होल्ट आले तर संसार सुखाचा. पूर्ण ८ आले तर कॅप्सूल वीज घेतच नाही, म्हणजे ती तरी गेली किंवा तार तरी सुटली. शून्याजवळ आले तर कुठेतरी जाळीचा एक केस आडवा पडला आहे. हा केस उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. भिंगातूनही दिसत नाही. रात्री दिवा बंद करून झोपायला गेल्यावर तो कुठे असेल हे अचानक कळतं.

रेडिओ ८ ऐवजी ५ व्होल्ट देत असेल तर ४.७ च्या जागी २.२ किलोओहम लावा. सॉकेटवर काहीच मिळत नसेल तर दीड व्होल्टचे दोन पेन्सिल सेल आणि २.२ किलोओहम. २००० मिलिअँपियर-तासांचे सेल ०.३ मिलिअँपियरने साडेसहा हजार तास चालतात, म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवले तरी जवळजवळ नऊ महिने. या हिशेबाचा तोटा असा की सेल आत आहेत हेच माणूस विसरतो. नऊ महिन्यांनी माइक अचानक मुका होतो तेव्हा तो सगळं उघडून पुन्हा सोल्डर करतो. सेल बदलायचं सर्वांत शेवटी सुचतं.

त्या मधल्या कपॅसिटरबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. सगळ्या माइकमध्ये माझ्या मते एवढाच भाग अक्कल लावण्याजोगा आहे. ‘सिग्नल पुढे जाऊ दे, डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) अडव’ एवढंच त्याचं काम असं समजून लोक हाताला येईल तो, बहुधा १० मायक्रोफॅरॅडचा, ठोकून देतात. तो चालतो, आणि तिथेच घोटाळा होतो. रेडिओच्या माइकच्या पिनेचा भार, म्हणजे अडथळा, ६०० ओहम धरा. त्यात आपले ४.७ किलोओहम मिळवा. साधारण ५.३ किलोओहम झाले. त्यासोबत १० मायक्रोफॅरॅड म्हणजे ३ हर्ट्झपासून वरचं सगळं आत. १ मायक्रोफॅरॅड म्हणजे ३० हर्ट्झपासून. ०.१ मायक्रोफॅरॅड म्हणजे बरोबर ३०० हर्ट्झपासून. एसएसबीत, म्हणजे हॅमच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, आपल्याला पाठवायचं असतं सुमारे ३०० ते २७०० हर्ट्झ. त्याखाली जे असतं ते भारदस्तपणा. त्यात शब्द नसतात, पण ट्रान्समीटरची ताकद मात्र ते भरपूर खातं. शब्द कळतात ते १००० ते ३००० हर्ट्झच्या भागातून. म्हणून ०.१ लावायचा. ५ व्होल्ट आणि २.२ किलोओहमच्या जोडणीत मात्र तोच ०.१ जवळजवळ ५७० हर्ट्झपर्यंत कापतो आणि आवाज टिनपाट होतो. तिथे ०.२२ घ्यावा, म्हणजे गाडी पुन्हा २६० च्या आसपास येते.

हे सगळं लोकांना पटतं. पटूनही ते १० लावतात. कारण ०.१ लावला की हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज बारीक येतो, आणि आपला आवाज घुमटातून आल्यासारखा खर्जात यावा ही प्रत्येकाची गुप्त इच्छा असते. ती पुरवायची तर पलीकडच्याला खर्ज पूर्ण मिळतो, शब्द अर्धे.

अपवाद एक. आयकॉम या रेडिओ कंपनीच्या गोल आठ पिनी सॉकेटवर माइकच्या पिनेतूनच कॅप्सूलला लागणारी वीज येते. तिथे कॅप्सूल सरळ जोडायची, मधला कपॅसिटर हवा असेल तर वीज वेगळी द्यायची. आणि तिथेच कॉइलवाला डायनॅमिक माइक लावायचा असेल तर कपॅसिटर हवाच, नाहीतर ती वीज कॉइलमध्ये शिरते.

आता प्लग. इथे मी वाचकाला पाणी पिऊन यायला सांगेन.

गोल आठ पिनी प्लग. सात पिना कडेने, आठवी मधोमध. दिसायला सगळे सारखे, आटेही सारखे, एकाच्या सॉकेटमध्ये दुसऱ्याचा प्लग अगदी प्रेमाने बसतो. पण आयकॉममध्ये माइक १ वर, ८ व्होल्ट २ वर, बटण ५ वर, बटणाचा अर्थ ६ वर आणि माइकचा अर्थ ७ वर. केनवुड कंपनीच्या संचात माइक १ वरच, बटण मात्र २ वर, ८ व्होल्ट ५ वर, माइकचा अर्थ ७ वर आणि बटणाचा ८ वर. येसू या तिसऱ्या कंपनीने तर माइक मधल्या ८ वर नेऊन ठेवला, त्याचा अर्थ ७ वर, बटण ६ वर, ५ व्होल्ट २ वर. तीन जुळे भाऊ, तोंडवळा एक आणि स्वभाव तीन. केनवुडसाठी बनवलेल्या माइकमध्ये कोणी शहाण्याने सोयीसाठी ७ आणि ८ एकत्र बांधलेले असतील आणि तो आयकॉमला लावून बटण दाबलं, तर ट्रान्समिट तर होत नाहीच, उलट ८ व्होल्टची पिन थेट अर्थवर आदळते. आणि हे झालं गोल प्लगचं. एकाच कंपनीच्या लहान संचांत टेलिफोनछाप चौकोनी प्लग असतो आणि त्याची कुंडली वेगळीच. म्हणून संचाची पुस्तिका उघडावी. पुस्तिका हा विषय हॅमच्या अभिमानाशी निगडित असल्याने ती दुसऱ्या चुकीनंतर उघडली जाते.

पुस्तिका उघडली तरी सुटका नाही. आकृतीतले आकडे समोरून पाहिलेले की मागून? प्लगचं तोंड पाहिलं तर १ एका बाजूला, सोल्डर करायची बाजू पाहिली तर आरशातल्यासारखं दुसऱ्या बाजूला. तोडगा असा: पुस्तिकेत बहुधा रेडिओच्या सॉकेटची समोरून दिसणारी आकृती असते, आणि प्लगची सोल्डर करायची बाजू आपल्याकडे केली की पिनांची मांडणी तिच्याशी तंतोतंत जुळते. तरीही खात्री म्हणून प्लगच्या प्लास्टिकवर कोरलेले आकडे भिंगातून वाचावेत. ते असतात. तिळाएवढे असतात, आणि सोल्डरचा पहिला थेंब नेमका त्यांच्यावर पडतो.

सोल्डर करताना दुसरा जुळणारा सॉकेट प्लगमध्ये खुपसून ठेवावा. प्लास्टिक मऊ होतं, पिना तिरक्या सरकतात, आणि मग प्लग रेडिओत जाताना कुरकुरतो. खुपसलेला सॉकेट पिनांना सरळ धरून ठेवतो. तारेचं वरचं आवरण चार मिलिमीटरपेक्षा जास्त सोलू नये. जाळी उलगडून, पीळ देऊन, कल्हई करून तिच्यावर नळी चढवावी, म्हणजे तिचे मोकाट केस शेजाऱ्याच्या अंगणात जात नाहीत. प्रत्येक पिनेवर आकसणारी नळी. आठही पिना झाल्यावर मीटरचा बझर लावून प्रत्येक पिनेचं शेजारणीशी भांडण तर नाही ना ते तपासावं. पाऊण तास मान मोडून, जीभ दातांत धरून हे सगळं होतं. डाग चकचकीत, नळ्या नीट, बझर गप्प. मग प्लगची टोपी चढवायला हात पुढे जातो आणि ती टेबलावर, वायरच्या बाहेर, शांतपणे पडलेली दिसते.

टोपी आधी वायरीत ओवायची असते. हे प्रत्येकाला माहीत आहे. सोल्डर करणाऱ्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. तरीही ती बाहेर राहते. वायरचं दुसरं टोक अजून मोकळं असेल तर तिकडून ओवता येते, पण ते टोक आपण आधीच माइकच्या डबीत गोंदाने चिणून टाकलेलं असतं. आकसणाऱ्या नळ्यांचंही तेच. त्यात त्या ओवल्या तरी डागाच्या जवळ ठेवल्या तर आयर्नच्या ऊबेने वाटेतच आकसून बसतात, म्हणून त्या वायरीवर दूर मागे सरकवून ठेवायच्या.

बटणाकडे लोक तुच्छतेने बघतात. कुठलंही चालतं म्हणतात. कुठलंही चालत नाही. दाबून धरलं तरच जोडणारं आणि सोडताच तुटणारं हवं. एकदा दाबलं की अडकून बसणारं बटण लावलं तर माणूस आपलं बोलणं संपवतो, समोरच्याच्या उत्तराची वाट बघतो, उत्तर का येत नाही म्हणून चिडतो, आणि त्याची ती चिडचिड, खुर्चीची करकर आणि शेजारच्या खोलीतला संवाद सगळा बँड ऐकत असतो. बटणाचा परतीचा रस्ता माइकच्या अर्थमधून न्यायचा नाही. त्याला स्वतंत्र तार द्यायची, नाहीतर प्रत्येक वेळी बोलायच्या आधी ‘टक’ असा मंगलध्वनी जातो. म्हणजे दोन तारांच्या कामात आतापर्यंत माइक, माइकचा अर्थ, वीज, बटण आणि बटणाचा अर्थ मिळून पाच तारा झाल्या. वर जाळी.

जाळी आली म्हणजे अर्थ आला, आणि अर्थ आला म्हणजे अनर्थ. धातूच्या नळीत माइक बसवायचा असेल तर जाळी त्या नळीला जोडायची आणि दुसऱ्या टोकाला प्लगच्या धातूच्या अंगाला. कॅप्सूलचं ऋण टोक मात्र नळीला टेकू द्यायचं नाही, ते आपल्या तारेने थेट माइकच्या अर्थ पिनेवर. दोघांची भेट रेडिओतच होऊ दे. वाटेत कुठे भेट झाली की जाळीवरून वाहणारा कचरा आवाजाच्या तारेत शिरतो. प्लास्टिकच्या डबीत हा प्रश्न नाही. तिथे प्रश्न असा की आडोसाच नाही.

आता खरा पाहुणा येतो. डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या, शक्ती पिऊन टाकणाऱ्या खोट्या भारावर, सगळं झकास. आवाज स्वच्छ, मोजमाप नीट, मन प्रसन्न. मग अँटेना जोडायची, शक्ती १०० वॅट करायची, आणि पलीकडून प्रश्न येतो, “पाण्याखाली आहात का?” माइक काहीही चूक करत नसतो. अँटेनाची शक्ती वायरवरून परत माइककडे येते, कॅप्सूलमधला तो चिमुकला एफईटी तिलाही आवाज समजून बसतो, तो आवाज पुन्हा ट्रान्समीटरमध्ये जातो, आणि आपलं बोलणं गुळण्या करत बाहेर पडतं. ओळखायच्या खुणा पक्क्या आहेत. १० वॅटवर ठीक, १०० वर बिघाड. एका बँडवर ठीक, दुसऱ्यावर बिघाड. माइकच्या धातूला हात लावला की आवाज बदलतो. आणि सगळ्यांत भुताटकीची खूण म्हणजे बटण सोडल्यावरही रेडिओ ट्रान्समिट करतच राहतो.

इलाज कॅप्सूलपासून सुरू करायचा. १ नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर कॅप्सूलच्या दोन ठिपक्यांवर, पाय तीन-चार मिलिमीटरचे. दोन इंचांचे पाय ठेवले तर तो कपॅसिटर राहत नाही, त्याची अँटेना होते. माइकच्या तारेत प्लगजवळ १०० ओहम. बटणावरही १ नॅनोफॅरॅड. मग फेराइट, म्हणजे रेडिओलहरी अडवणारा चुंबकी पदार्थ. ३१ नंबरच्या मिश्रणाचं कडं घेऊन त्यातून वायरचे पाच वेढे. नुसती एकदा ओवलेली वायर आणि पाच वेढे यांत फरक पाचपट नाही, साधारण पंचवीसपट आहे, कारण अडवणूक वेढ्यांच्या वर्गाने वाढते. हे माहीत नसल्याने लोक वायरीवर चिमट्यासारखं एकेक फेराइट लावत जातात, शेवटी वायर मण्यांच्या माळेसारखी जड होते आणि माइक टेबलावरून आपोआप खाली उतरतो. एवढं करूनही गुळण्या थांबल्या नाहीत तर माइक सोडून द्यावा आणि अँटेनाकडे जाणाऱ्या तारेवर, म्हणजे फीडलाइनवर, असाच अडवणारा चोक लावावा. रोग तिकडे असतो, आपण पट्ट्या इकडे बांधत असतो.

डबीबद्दल फार नाही. पोकळ डबी असेल तर आत कापूस किंवा फोम भरा, नाहीतर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कॅप्सूल रबराच्या कड्यात बसवा. कडक चिकटवली तर बोटांची प्रत्येक हालचाल पलीकडे ढगांच्या गडगडाटासारखी पोहोचते. वायरला डबीत शिरताच आत एक गाठ मारा. ओढ गाठीवर यावी, डागावर नाही.

तोंडावर मात्र थांबावं लागतं. मराठीत महाप्राण अक्षरांची श्रीमंती आहे आणि ती सगळी श्रीमंती थेट पडद्यावर येऊन आदळते. फ, भ, आणि त्यांच्या जोडीला ओठांवरचे प, ब. इंग्रजीतून ‘चेक, चेक, वन, टू’ म्हणून माइक पास करणाऱ्याला हे कधीच कळत नाही. परीक्षेचं वाक्य असं हवं: भिंतीला भगदाड पडलं, फळी फाटकन फुटली. हे पाच सेंटिमीटरवरून सरळ कॅप्सूलवर म्हणा आणि ट्रान्समीटरच्या एएलसीची, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेला की आवरणाऱ्या यंत्रणेची, सुई बघा. ती उडी मारून शेवटच्या खांबाला जाऊन धडकेल. उपाय म्हणजे फोमची टोपी आणि माइक तोंडासमोरून जरा बाजूला, साधारण ४५ अंशांत. स चं दुखणं उलट आहे. त्याची बरीचशी सळसळ ३००० हर्ट्झच्या वर असते आणि रेडिओचा फिल्टर ती कापूनच टाकतो. म्हणून पलीकडच्याला ‘सात’ आणि ‘हात’ यांत अंतर लागत नाही. अल्फा, ब्राव्हो, चार्ली करत अक्षरं सांगण्याची जी पद्धत आहे ती याच दुखण्यावरची. तिथे कॅप्सूल बदलून काही होत नाही.

रेडिओचा मायक्रोफोन गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, आधी कमी ठेवा. इलेक्ट्रेट कॅप्सूल डायनॅमिक माइकपेक्षा कित्येक पट मोठ्याने बोलते, पण ६०० ओहमच्या भारावर तिचा आवाज बराच खाली येतो, त्यामुळे गोष्ट बहुधा जमून जाते. भार जास्त ओहमचा असेल तर मात्र ती ओरडतेच. स्पीच प्रोसेसर पहिल्या दिवशी बंद. तो चालू असेल तर आवाज आणि पंखा दोघांनाही तो एकाच उंचीवर आणून बसवतो.

आणि आता निकाल. हॅम मंडळींना विचारू नये. ती सगळी सज्जन आहेत. तुम्ही पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोललात तरी ‘५-९ (म्हणजे पूर्ण मार्क), छान आवाज’ म्हणतील. दुसऱ्या रिसीव्हरवर, डमी लोडवरची अगदी कमी शक्ती ऐकत, हेडफोन लावून ध्वनिमुद्रण करावं. स्पीकरवर ऐकू नये, नाहीतर माइक स्पीकरला आणि स्पीकर माइकला हाक मारत बसतो. संचासोबत आलेला माइक आणि आपला माइक, तेच वाक्य, तेच अंतर, गेन दोघांना एएलसीच्या एकाच खुणेवर आणलेला. मग दोन्ही मुद्रणं कोणता कोणाचा हे न सांगता एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राला ऐकवायची. तो डोळे मिटून ऐकतो, दोनदा ऐकतो, आणि म्हणतो, “दुसरा बरा आहे. पहिल्यात माणूस घोंगडी पांघरून बोलतोय.”

पहिला आपला असतो.

घोंगडी म्हणजे खालचा भाग जास्त. म्हणजे तो मधला कपॅसिटर. माइक उघडला की आत ०.१ च्या जागी, दोन दिवसांपूर्वी ‘तात्पुरता’ म्हणून लावलेला १० मायक्रोफॅरॅडचा दिसतो. एक पाय काढायचा, दुसरा काढायचा, ०.१ लावायचा. दोन तारांचं काम. पण आधीच्या घाईत जाळीची कल्हई फुटलेली असते, त्यामुळे प्लगच्या बाजूलाही एक डाग नव्याने द्यावा लागणार. वायर कापून चार सेंटिमीटर मागे यायचं, आयर्न तापत ठेवायचं, तोपर्यंत नळ्या कापून घ्यायच्या.

टोपी आधी.